पोस्टातल्या दारावरचं चित्र: ते कुणी काढलं, कशासाठी, आणि आज ते कुणाचं आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंडियानातल्या एका लहान गावात बरीच वर्षं राहणाऱ्या एका ताईंच्या पोस्टात, पोस्टमास्तरांच्या दारावर, मळणीचं एक मोठं जुनं चित्र आहे. शेजारच्या पाटीवर 'डब्ल्यूपीए म्यूरल' असं लिहिलं आहे. (म्यूरल म्हणजे भित्तिचित्र; डब्ल्यूपीए म्हणजे वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन, १९३० च्या दशकातल्या मोठ्या मंदीत बेकारांना काम देणारं अमेरिकी सरकारचं खातं.) आता पोस्ट हायवेकडे हलवून जुनी इमारत विकायचं चाललं आहे, आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यातून रंगाच्या खपल्या पडायला लागल्या आहेत. त्यांना जाणून घ्यायचं आहे की हे चित्र कुणी आणि का काढलं, लोक अन्नाला मोताद झाले असताना सरकारने चित्रांवर पैसा का घातला, आणि इमारत विकली गेली तर चित्राचं काय होईल.

ताई, आधी खपल्यांचं सांगते, कारण बाकीचं थांबू शकतं. त्या कोपऱ्याला कुणालाही हात लावू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, टेपने चिकटवायचं नाही, फेव्हिकॉलसारखं काही लावायचं तर नाहीच. खाली पडलेल्या खपल्या केरात जाऊ न देता एका कागदी पाकिटात ठेवायला सांगा आणि पाकिटावर तारीख घाला. मग फोनचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरून त्या भागाचे फोटो काढा. समोरून सपाट दिसणारा रंग बाजूच्या उजेडात कुठे फुगला आहे, कुठे कडा उचलल्या आहेत, ते लगेच कळतं. आणि त्याच भिंतीच्या वरच्या बाजूला छताचा पन्हळ किंवा पाण्याचा पाइप आहे का, ते बघून घ्या. मी जे.जे.मध्ये भित्तिचित्रण शिकले आणि गेली चोवीस वर्षं अमेरिकेत भित्तिचित्रांच्या संवर्धनाचं काम करते आहे. कोपऱ्यातून रंग सुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोष चित्राचा नसतो, छताचा असतो. गळती बंद न करता चित्र दुरुस्त करणं म्हणजे पैसा पाण्यात.

आता पाटीबद्दल. ती बहुधा चुकीची आहे, आणि ही चूक अमेरिकेत गावोगाव सापडते. मंदीच्या काळातलं सरकारी चित्र दिसलं की लोक सरसकट 'डब्ल्यूपीए' म्हणतात. पण पोस्टातली बहुतेक चित्रं डब्ल्यूपीएची नाहीत. हा फरक नुसता नावाचा नाही. चित्र कसं दिसतं, चित्रकाराला पैसे कसे मिळाले आणि आज मालकी कुणाची आहे, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून थोडं मागे जाते.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत कामकऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा बेकार झाला होता, म्हणजे जवळजवळ १ कोटी २८ लाख माणसं. मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मे महिन्यात त्यांना त्यांचे शाळासोबती, चित्रकार जॉर्ज बिडल यांचं पत्र आलं. मेक्सिकोत अध्यक्ष ओब्रेगॉन यांनी डिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारांना प्लंबरच्या मजुरीवर सरकारी भिंती रंगवायला दिल्या आणि त्यातून केवढं मोठं काम उभं राहिलं, याची त्या पत्रात आठवण होती. आपल्याकडचे तरुण चित्रकारही अशा कामाला उत्सुक आहेत, असं बिडल यांचं म्हणणं होतं. डिसेंबर १९३३ मध्ये पहिली योजना सुरू झाली, पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट. ती जेमतेम सहा-सात महिने चालली. तेवढ्यात ३,७०० हून अधिक कलाकारांनी १५,००० च्या वर कलाकृती केल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवरमधली भित्तिचित्रं याच योजनेतली. त्यांतली बरीचशी ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर केलेली अस्सल फ्रेस्को आहेत.

त्यानंतर वाट दुभंगली. एका बाजूला ऑक्टोबर १९३४ मध्ये ट्रेझरी खात्यात 'सेक्शन ऑफ पेंटिंग अँड स्कल्प्चर' निघालं. त्याचे प्रमुख एडवर्ड ब्रूस वकील होते, व्यापारी होते आणि स्वतः चित्रकारही होते. नवीन सरकारी इमारत बांधताना खर्चाचा साधारण एक टक्का कलेसाठी ठेवायचा, ही त्यांची रीत. चित्रकार गरीब आहे की श्रीमंत हे विचारायचं नाही. स्पर्धा घ्यायची, नाव झाकून स्केच तपासायचं, आणि जिंकेल त्याच्याशी करार करायचा. दुसऱ्या बाजूला ऑगस्ट १९३५ मध्ये डब्ल्यूपीएचा फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला. त्याचे प्रमुख होल्गर काहिल. तिथे पहिली अट गरजेची होती. बहुतेक कलाकार सरकारी मदतीच्या यादीतून घेतले जात आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांना आठवड्याला २३-२४ डॉलर मिळत. जॅक्सन पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथको हे पुढे नावाजलेले चित्रकार सगळे या पगारावर जगले. त्यांच्या कलाकृती शाळा, इस्पितळं, वाचनालयं अशा स्थानिक करांवर चालणाऱ्या संस्थांना जात, आणि भित्तिचित्र हवं असेल तर सामानाचा खर्च सहसा ती संस्था उचलत असे.

तेव्हा ढोबळ खूण अशी: चित्र पोस्टात असेल तर बहुधा सेक्शनचं, शाळेत किंवा इस्पितळात असेल तर बहुधा डब्ल्यूपीएचं. याला अपवाद आहेत, पण गावात चौकशीला सुरुवात करायला एवढं पुरतं.

सेक्शनने देशभरात तेराशेच्या वर भित्तिचित्रं आणि शिल्पं करून घेतली. सुमारे साडेआठशे कलाकारांनी ती केली. त्यांत १६० च्या आसपास स्त्रिया होत्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कृष्णवर्णीय कलाकार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि तेही सांगायला हवं.

आता तुमच्या भिंतीकडे या. लहान गावातल्या पोस्टांचे आराखडे एकमेकांसारखेच असत. आत शिरलं की लांबट लॉबी, एका अंगाला खिडक्या, आणि टोकाला पोस्टमास्तरांच्या खोलीचं दार. दाराच्या चौकटीवर आणि छताखाली जी जागा उरते ती साधारण बारा फूट रुंद आणि पाच-सहा फूट उंच. तीच चित्राची जागा. खालच्या बाजूने दाराची चौकट चित्रात घुसलेली असते आणि दोन्ही अंगांना नोटिसांचे फलक. चित्रकाराला ही अडचण धरूनच रचना करावी लागे. तुम्ही लिहिलंय की मळणीयंत्र मधोमध आहे आणि माणसं दोन्ही बाजूंना खाली उतरत गेली आहेत. ते त्या दारामुळेच. मधला भाग हलका आणि वर ठेवायचा, वजन दोन्ही कोपऱ्यांत टाकायचं. पुढच्या वेळी लॉबीत उभ्या राहाल तेव्हा दार नाहीच असं मनात धरून चित्र बघा, रचना लंगडी वाटायला लागेल.

पैसे किती मिळत? लहान पोस्टासाठी सहाशे ते आठशे डॉलर, आणि त्यातच कॅनव्हास, रंग, प्रवास, चित्र चढवण्याची मजुरी सगळं आलं. रक्कम तीन हप्त्यांत मिळे. आधी दोन इंचाला एक फूट या प्रमाणात रंगीत स्केच पाठवायचं. ते पसंत पडलं की पहिला हप्ता. मग पूर्ण आकाराचं रेखाटन कागदावर करून त्याचा फोटो पाठवायचा, तेव्हा दुसरा. आणि चित्र भिंतीवर चढलं, पोस्टमास्तरांनी ते नीट लागल्याचं पत्र दिलं, की शेवटचा. प्रत्येक टप्प्यावर वॉशिंग्टनहून सूचना येत. घोड्याचा मागचा पाय पुन्हा पाहा, ही आकृती ताठ वाटते, आकाशाचा रंग जड झालाय. सेक्शनचे एडवर्ड रोवन अशी पत्रं शेकड्यांनी लिहीत. ही सगळी पत्रं जपलेली आहेत आणि मला ती चित्रांइतकीच मोलाची वाटतात. एखाद्या गावचं चित्र असं का आहे याचं उत्तर त्या पत्रव्यवहारात मिळतं.

कारण गावही बोलायचं. गावाला विचारूनच विषय ठरवा, असा सेक्शनचा आग्रह होता. चित्रकाराने गावात जावं, पोस्टमास्तरांना भेटावं, वाचनालयात बसून इतिहास वाचावा, ही अपेक्षा होती. सगळे जात नसत. शहरातल्या स्टुडिओत बसून कुणी न पाहिलेलं शेत रंगवायचं, आणि मग शेतकरी सांगायचे की या हंगामात हे पीक इतकं उंच नसतं. ओक्लाहोमातल्या वटोंगा गावात १९४१ मध्ये एडिथ माहियर यांनी चेयेन या मूळनिवासी लोकांचा पुढारी रोमन नोज याचं चित्र काढलं, तर चेयेन लोकांनीच तक्रार केली की आमचा माणूस यात नाव्हाहो या दुसऱ्याच जमातीतल्यासारखा दिसतोय. त्यांचं म्हणणं रास्त होतं. आपल्या वाडवडिलांचा चेहरा सरकारी भिंतीवर परका होऊन आला तर कुणाला चालेल?

याहून मला कायम आठवत राहणारी गोष्ट आयडाहोतल्या केलॉगची. १९३९ मध्ये सेक्शनने त्या वेळच्या ४८ राज्यांतल्या एकेका पोस्टासाठी एकच मोठी स्पर्धा घेतली. जवळजवळ दीड हजार स्केचेस आली. केलॉग हे खाणींचं गाव. तिथल्या पोस्टासाठी फ्लेचर मार्टिन यांचं 'माइन रेस्क्यू' निवडलं गेलं. जखमी कामगाराला स्ट्रेचरवर घालून दोघं जण खाणीच्या तोंडातून बाहेर आणताहेत, एवढंच चित्र. परीक्षकांना ते फार आवडलं. पण गावच्या खाणवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हरकत घेतली. खाणीत अपघात होतात हे रोज पत्र टाकायला येणाऱ्यांनी कशाला बघायचं? शेवटी सेक्शनने माघार घेतली. मार्टिन यांनी दुसरं चित्र केलं, 'डिस्कव्हरी'. गाव ज्याच्या नावाने वसलं त्या नोआ केलॉगला त्याच्या गाढवासह धातूची शीर सापडते, अशी जुनी दंतकथा त्यात आहे. १९४१ पासून ते तिथे आहे. चित्र वाईट नाही. पण जे भिंतीवर आलं नाही ते माहीत असेल तर जे आलं ते वेगळं दिसतं. म्हणून म्हणते, तुमच्या गावची फाइल काढून बघा. मळणीच्या आधी कदाचित दुसरंच काही सुचवलेलं असेल.

कलाकारांनीही आपलं म्हणणं कधी कधी गुपचूप आत घातलं. वॉशिंग्टनच्या पोस्ट खात्याच्या मुख्य इमारतीत रॉकवेल केंट यांनी दोन चित्रं केली. एकात अलास्काहून टपाल निघतंय, दुसऱ्यात ते पोर्तो रिकोत पोचतंय. पोहोचलेल्या पत्रावर अगदी बारीक अक्षरांत, अलास्कातल्या स्थानिक भाषेत मजकूर होता. १९३७ मध्ये तो वाचून घेतला तेव्हा कळलं की अलास्काचे लोक पोर्तो रिकोच्या मित्रांना सांगताहेत, चला, आपण आपले मुखिया बदलू या, तरच आपण समान आणि स्वतंत्र होऊ. केवढी खळबळ माजली! सरकारी इमारतीत, सरकारच्या पैशाने, सरकारबद्दल असं लिहिलेलं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये १९३६ मध्ये याहून कडवट प्रसंग घडला. चार्ल्स ऑल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डब्ल्यूपीएसाठी भित्तिचित्रांचे आराखडे केले. इस्पितळाच्या अधीक्षकांनी त्यांतले बरेच नाकारले. कारण काय, तर त्यांत कृष्णवर्णीयांचं जगणं फार आहे. आणि तेही कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या हार्लेममधल्या इस्पितळात! कलाकारांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि शेवटी चित्रं झाली. ऑल्स्टन यांची जोडचित्रं पारंपरिक वैद्यक आणि आधुनिक वैद्यक समोरासमोर मांडतात. पुढे ती जपून काढून, दुरुस्त करून इस्पितळाच्या नव्या इमारतीत पुन्हा लावली गेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर हलवलेली चित्रं मी तिथे प्रथम पाहिली, आणि आपलं हे काम किती नाजूक आणि किती अंगमेहनतीचं आहे ते मला तिथे उमगलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: माणसं उपाशी असताना चित्रं कशाला? त्या काळीही हा प्रश्न विचारला गेला होता. डब्ल्यूपीएचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं उत्तर साधं होतं: कलाकारांनाही इतरांसारखंच पोट आहे. आणि आकडे बघा. १९३५ च्या कायद्याने या कामांसाठी ४८८ कोटी डॉलर मंजूर झाले. चित्रकला, संगीत, नाटक आणि लेखन या चारही क्षेत्रांना मिळून सुरुवातीला २ कोटी ७० लाख दिले गेले. शंभर डॉलरमागे साधारण ५५ सेंट. उरलेले ९९ डॉलर ४५ सेंट बाकीच्या कामांवर गेले. डब्ल्यूपीएने आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं. साडेसहा लाख मैलांचे रस्ते बांधले किंवा दुरुस्त केले, पंचाहत्तर हजारांहून जास्त पूल उभे केले, शाळा, विमानतळ, मैदानं केली. खेड्यांत वीस लाखांहून अधिक शौचालयं बांधली, आणि माझ्या मते त्या सगळ्यात लोकांच्या प्रकृतीवर सगळ्यात थेट परिणाम या कामाचा झाला. तुमच्या गावात फूटपाथच्या काँक्रीटवर कुठे 'डब्ल्यूपीए' आणि साल उमटवलेलं दिसतं का ते बघा. शिकागोत, बर्कलीत असे शिक्के अजून पायाखाली येतात.

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडायला गेलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. आयत्या शिध्यापेक्षा कामाचा दाम बरा, ही भावना तीच. फरक एवढाच की अमेरिकेतल्या योजनेने विचारलं, तुला काय येतं? गवंड्याला दगड दिला, शिवणकाम करणाऱ्या बाईला कापड, व्हायोलिन वाजवणाऱ्याला मंच आणि चित्रकाराला भिंत. माणसाचं कसब बेकारीत गंजून गेलं की मंदी संपल्यावरही ते परत येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. या सगळ्या कारभारातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही.

हे एकाच ठिकाणी बघायचं असेल तर ओरेगॉनमध्ये माउंट हूडवरचं टिंबरलाइन लॉज बघून या. डब्ल्यूपीएने ते १९३६-३७ मध्ये बांधलं आणि २८ सप्टेंबर १९३७ ला रूझवेल्ट यांनी त्याचं उद्‌घाटन केलं. मी तिथे दोन दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ जिन्यात गेला. कठड्याच्या खांबांवर घुबड, अस्वल, बीव्हर असे प्राणी कोरले आहेत, आणि ते खांब म्हणजे टाकून दिलेले देवदाराचे टेलिफोनचे खांब. शेकोटीतले लोखंडी आधार रेल्वेच्या जुन्या रुळांचे. गालिचे विणले ते बेकार तरुणांना जंगलात काम देणाऱ्या सरकारी वन-श्रमदलाच्या छावण्यांतल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून. आपल्या आज्या गोधडीसाठी जुनी लुगडी फाडायच्या ना, अगदी तसं. हात फिरवला तर कोरीव कामाच्या छिन्नीच्या खुणा अजून बोटाला लागतात, कारण पॉलिश करून त्या मुद्दाम घालवलेल्या नाहीत. मार्जरी हॉफमन स्मिथ यांनी आतली सगळी सजावट योजली. विणणाऱ्या बायका आणि लोहार सगळे मदतीच्या यादीवरचे.

या वैभवाची पुढे झालेली हेळसांड मात्र सांगताना जीव तुटतो. युद्ध आलं, बेकारी संपली, १९४३ मध्ये योजना गुंडाळल्या. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या गोदामातले डब्ल्यूपीएचे हजारो कॅनव्हास रद्दी म्हणून वजनावर विकले गेले. घेणाऱ्याचा विचार पाइपांना गुंडाळायचा होता. पाइप तापले की तेलरंगांचा वास सुटायचा, म्हणून ते बेत फसले, आणि उरलेली चित्रं कॅनॉल स्ट्रीटवरच्या एका दुकानात काही डॉलरना विकायला आली. न्यूअर्क विमानतळासाठी आर्शिल गॉर्की यांनी दहा फलक केले होते. त्यांवर रंगाचे थर चढत गेले आणि सत्तरच्या दशकात शोधले तेव्हा फक्त दोन सापडले. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरच्या मरीन एअर टर्मिनलमधलं जेम्स ब्रूक्स यांचं 'फ्लाइट' २३७ फूट लांब. तेही पन्नासच्या दशकात रंगाखाली गेलं. सुदैवाने १९८० मध्ये परत बाहेर काढता आलं.

अलीकडे वाद वेगळ्या कारणांनी होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये व्हिक्टर अर्नॉटॉफ यांनी १९३६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या आयुष्यावर फ्रेस्को केले. त्यांत वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरचे गुलाम आहेत, आणि पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्यांच्या पायाशी मरून पडलेला मूळनिवासी आहे. चित्रकाराला टीकाच करायची होती. पण रोज त्या जिन्याने वर्गात जाणाऱ्या मुलांना ते बघणं क्लेशाचं होतं, हेही खरं. २०१९ मध्ये शाळा मंडळाने ते रंगवून टाकायचं ठरवलं, मग झाकायचं, मग प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२२ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. माझं मत विचाराल तर फ्रेस्को कधीही रंगवून मिटवू नये, कारण वर चढवलेला रंग मूळ चित्राला इजा न करता काढणं फार कठीण असतं. पडदा लावा, समोर नवं चित्र लावा, मुलांना शिकवा. मिटवलेलं मात्र कुणालाच परत देता येत नाही.

तुमच्या इमारतीच्या विक्रीकडे येते. पोस्टातलं भित्तिचित्र अमेरिकी टपाल खात्याच्या मालकीचं आहे, आणि इमारत विकली तरी चित्र आपोआप विकलं जात नाही. खातं सहसा मालकी स्वतःकडे ठेवून नव्या मालकाला ते करारावर वापरायला देतं, नाहीतर काढून दुसरीकडे लावतं. (डब्ल्यूपीएच्या सुट्या चित्रांची मालकी आजही बहुतांशी केंद्र सरकारकडेच आहे, सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या जीएसए (जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन) या खात्यामार्फत. कुणाच्या पोटमाळ्यावर असं चित्र सापडलं तर ते लिलावात विकता येत नाही.) ब्रॉन्क्सच्या मुख्य पोस्टात बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन यांचे १३ फलक आहेत. ती इमारत विकायच्या सुमारास, २०१३ मध्ये, न्यूयॉर्क शहराने आतली लॉबी वारसा म्हणून घोषित केली. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये एडवर्ड बायबरमन यांचं १९४१ चं चित्र इमारत विकल्यावर दुरुस्तीसाठी काढलं गेलं आणि काही काळ संग्रहालयात होतं, पण गावकऱ्यांना त्यांच्या चित्राची वाट बघावी लागली. आधी बोललं तर हातात काहीतरी राहतं.

बोलायचं कुठे? १९६६ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यातलं कलम १०६ तुमच्या कामाचं आहे. ऐतिहासिक सरकारी इमारत विकण्याआधी तिच्या वारशावर काय परिणाम होईल याचा विचार आणि सल्लामसलत करणं त्यामुळे सरकारी खात्यावर बंधनकारक आहे. तुम्ही लेखी अर्ज करून त्या सल्लामसलतीत सहभागी होऊ शकता. एक पत्र टपाल खात्याच्या वारसा अधिकाऱ्यांना, एक इंडियाना राज्याच्या वारसा कार्यालयाला. एकटीच्या नावाने लिहू नका. वाचनालय, शाळा, चर्च, रोटरी, जमतील तेवढ्या सह्या घ्या. चित्र जनतेच्या प्रवेशाच्या जागीच राहावं, आणि इमारतीच्या खरेदीखतात संरक्षणाची अट घालावी, या दोन मागण्या स्पष्ट शब्दांत मांडा.

'चित्र काढून गावच्या वाचनालयात लावू' असं कुणीतरी नक्की सुचवेल, म्हणून हे सांगून ठेवते. तुमचं चित्र फ्रेस्को नसावं. पोस्टातली बहुतेक चित्रं कॅनव्हासवर तेलरंगात करून, भिंतीला शिशाचा सफेदा, तेल आणि राळ यांच्या लेपाने चिकटवलेली आहेत. हा लेप सुकला की दगडासारखा होतो. चित्र सोलून निघत नाही. आधी समोरच्या बाजूला जपानी कागद आणि नंतर सहज निघेल असा गोंद लावून रंग बांधून घ्यायचा. मग कॅनव्हासच्या मागून इंचाइंचाने लेप किंवा गिलावा कापत जायचं. सगळा वेळ तोंडावर रेस्पिरेटर, कारण धूळ शिशाची. बारा फुटांचं एक चित्र उतरवायला आम्हा चौघांना नऊ दिवस लागले होते. नंतर मागचा सफेदा काढून चित्र नव्या आधारावर ताणायला त्याहून जास्त. हे शेवटचं पाऊल असावं, पहिलं नाही.

साफसफाई मात्र जागेवरच होते, आणि त्यातला आनंद मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. पोस्टाच्या लॉबीत कित्येक दशकं लोक सिगारेट ओढत उभे राहिले. त्या धुराचा तपकिरी थर सगळ्या चित्रावर बसलेला असतो. ओहायोतल्या एका पोस्टात मी कापसाचा बोळा फिरवायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की चित्रात संध्याकाळ आहे. दीड-दोन इंच भाग स्वच्छ झाला आणि खाली लख्ख निळं आकाश निघालं. चित्रातली वेळ सकाळची होती. पत्र टाकायला आलेल्या एक वयस्कर बाई शिडीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, लहानपणी बाबांबरोबर यायचे तेव्हा असाच रंग होता, मला वाटायचं माझीच आठवण चुकीची आहे.

चित्रकाराचं नाव हवं असेल तर सही बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यात असते, कधी कधी नोटिस फलकाच्या चौकटीमागे दबलेली. नाव कळलं नाही तरी अडत नाही. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला नॅशनल आर्काइव्हजमध्ये सेक्शनच्या फाइली राज्य आणि गाव या क्रमाने लावलेल्या आहेत, रेकॉर्ड ग्रुप १२१ मध्ये. गावाचं नाव कळवलं की शोधून देतात. बरीचशी मूळ रंगीत स्केचेस स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियमकडे आहेत. तुमच्या गावचं तिथे मिळालं तर खपल्या पडलेल्या कोपऱ्यात मुळात काय होतं ते कळेल, आणि जो कुणी संवर्धक येईल त्याला अंदाजाने काही भरावं लागणार नाही. गावच्या वाचनालयात १९३८ ते १९४२ च्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म असतील, तिथे चित्र चढवल्याची बातमी जरूर शोधा.

टॉर्च आडवा धरून काढलेले फोटो आणि पन्हळाची जागा मला कळवा. खपल्यांखाली पांढरी पूड दिसते की भुरका कॅनव्हास, तेही जवळून बघून लिहा. पूड असेल तर गिलाव्यातले क्षार वर येताहेत, आणि मग छतवाल्याला आधी बोलवायचं.